इरकलीच्या रंगाची गाडी

गाड्यांतलं मला कळतं. हे मलाच सांगावं लागतं, कारण सोलापुरात गाड्यांतलं कळणं म्हणजे ती मायलेज किती देते आणि मागं चादरींचे गठ्ठे किती बसतात, एवढंच. मी विमा कंपनीत आहे. ठोकलेल्या गाड्यांच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. शिवाय जुन्या गाड्या नव्या करण्याचे परदेशी व्हिडिओ मी जेवताना, दाढी करताना आणि साहेब बोलत असतानासुद्धा बघतो. त्यामुळं सासऱ्यांची जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरलं, तेव्हा ते काम दुसऱ्या कुणाकडं जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे मी जाऊच दिलं नाही!

माझे सासरे रुद्रप्पा हे बाळीवेशीतले जुने कापड व्यापारी. त्यांच्या वडिलांनी गिरणीतल्या एका इंग्रज मॅनेजरकडून तो मायदेशी निघाला तेव्हा ही गाडी घेतली. लांबलचक नाक, दोन दारं, मागं पाडता येणारा कापडी टप आणि बसायला जागा फक्त दोघांना. ज्या घरात देवदर्शनाला निघाले तरी किमान अकरा माणसं निघतात, त्या घरानं दोन सीटची गाडी घ्यावी! पण घेतली. पुढं ती बंद पडली आणि गोदामात ताडपत्रीखाली गेली. मी पाहिली तेव्हा तिचा रंग जुन्या तव्यासारखा झाला होता आणि स्टिअरिंगखाली कोंबडी अंडी घालत होती.

आता मुख्य गोष्ट. माझ्या सासूबाई गिरिजाबाई या गाडीत जन्मात एकदाही बसलेल्या नाहीत. लग्न लागलं त्यांच्या माहेरी, होटगीला. नवरदेव स्वतः गाडी चालवत नवरीला सोलापूरला घेऊन जाणार म्हणून अख्खं गाव बघायला जमलेलं. ऐन वेळी सासऱ्यांच्या मातोश्री त्या दुसऱ्या सीटवर जाऊन बसल्या. वऱ्हाडाच्या ट्रकात धूळ लागते म्हणाल्या. मग ती धूळ नवरीला लागली. पुढंही कधी आई, कधी थोरला भाऊ, कधी हुबळीचा व्यापारी, असं करत बायकोचा नंबर यायच्या आधी गाडीनंच मान टाकली. होटगीत सासूबाईंची धाकटी बहीण राहते, काशम्मा. ती हे विसरू देत नाही. सासूबाई माहेरी गेल्या की ती दारातच विचारते, "अक्का, गाडीतनं आलीस का ट्रकातनं?" एवढ्या वर्षांत या विनोदाला ती स्वतः सोडून कुणी हसलेलं नाही.

तर लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गिरिजेला त्याच गाडीतून होटगीला नेणार, असं सासऱ्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. त्या दिवशी सासूबाईंच्या आमटीत मीठच नव्हतं, आणि तसं सांगितल्यावरही त्या हसतच राहिल्या. मला फार बरं वाटलं. मला बरं वाटणं ही गोष्ट क्वचित घडते, म्हणून नोंदवून ठेवतो.

घरच्यांचं म्हणणं होतं की ट्रॅक्टर रंगवणाऱ्याकडं द्या, स्वस्तात करेल. मी हाणून पाडलं. ट्रॅक्टरवाला बॉनेटवर मोर काढेल आणि मागं 'पुन्हा भेटू' लिहून देईल. मी तज्ज्ञ शोधून काढले. मोहोळच्या पुढं, पुण्याच्या रस्त्याला दोन ढाब्यांच्या मधोमध काळ्या काचेचं एक गॅरेज आहे. त्याला गॅरेज म्हटलं की तिथल्या लोकांना राग येतो, कारण तो 'स्टुडिओ' आहे. चालवणाऱ्याचं नाव महेश्वर. त्यानं काळा एप्रन घातला होता आणि त्यावर ग्रीसचा एक डाग नव्हता. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. गाडीकडं त्यानं बराच वेळ मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला की आपण हिचा आत्मा ठेवू, बाकीचं सगळं बदलू. मी म्हटलं, "अर्थात."

हा 'अर्थात' पुढं फार महागात पडला. सीट बदलून खोल, रेसिंगच्या सीट बसवू का? अर्थात. साधा पट्टा नको, दोन खांद्यांवरून दोन आणि कमरेला दोन असे पट्टे टाकून पोटावर एका गोल बकलात अडकवू? अर्थात. पुढची नंबरप्लेट नाकाचं सौंदर्य घालवते, काढून ठेवू? अर्थात! किल्ली फिरवायची पद्धत जुनी झाली. किल्ली नुसती खिशात ठेवायची, गाडीजवळ उभं राहायचं, बटण दाबलं की सुरू. किल्ली जवळ नसेल तर ब्रह्मदेवालाही गाडी सुरू करता येणार नाही. मी मान अशी डोलावली, जशी काही ही कल्पना मीच त्यांना दिली होती.

मग प्रश्न आला रंगाचा. मूळ रंग कोणता, यावर आमच्या घरात जुनं युद्ध आहे. सासरे म्हणतात डाळिंबी. सासूबाई म्हणतात हिरवी, अगदी मोराच्या मानेसारखी. फोटो आहेत ते सगळे काळे-पांढरे. मी महेश्वरच्या रंगांच्या पट्ट्या घरी आणल्या, तर सासऱ्यांनी त्या बाजूला सारल्या. कापडाच्या धंद्यात रंग शब्दांत सांगणारा माणूस अडाणी समजला जातो.

"रंग तोंडानं सांगायचा नसतोय, जावईबापू," ते म्हणाले. "नमुना द्यायचा. लग्नात म्या हिच्यासाठी गाडीच्या रंगाची इरकल विणून घेतली हुती. तीच द्या की."

सासूबाईंनी ट्रंकेतून साडी काढली. रेशमी, जड, घडीवर विरायला लागलेली. मला वाटलं होतं, नुसती दाखवतील. पण त्यांनी कात्री घेतली आणि आतल्या पदरातून हातभर तुकडा कापून माझ्या हातात दिला. लग्नातली साडी! शिवलीला, म्हणजे माझी बायको, तोंडावर हात ठेवून बघत राहिली. सासूबाई म्हणाल्या, गाडी तशी व्हत असंल तर साडीचं काय एवढं.

आता जे मला तेव्हा कळलं नाही आणि त्या घरातल्या प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोललं नाही, ते सांगतो. ती साडी धूपछाव होती. उभा धागा तांबडा, आडवा धागा हिरवा. एका बाजूनं धरली की डाळिंबी दिसते, जरा फिरवली की मोरपंखी. सासरे दुकानाच्या गादीवर बसून ती एका अंगानं बघायचे, सासूबाई नेसून वरून खाली बघायच्या. दोघंही पन्नास वर्षं खरंच बोलत होते आणि भांडत होते. मी तुकडा पिशवीत घातला आणि मोहोळला नेऊन दिला. माझ्या डोळ्यांना तो मरून रंगाचा वाटला. मला कापडातलं कळत नाही, हे मी कधी नाकारलेलं नाही. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी महेश्वरचा फोन. रंग ओळखायचं त्याचं परदेशी मशीन होतं. ते त्या तुकड्यावर ठेवलं की लाल सांगायचं, तुकडा फिरवला की हिरवा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाबा रे, तुला नक्की कुठला हवाय? पण हे पडले तज्ज्ञ. तज्ज्ञ कधी विचारत नाहीत. तो भारावलेल्या आवाजात म्हणाला, "सर, तुमच्या सासऱ्यांची टेस्ट इंटरनॅशनल आहे. नमुन्याबरहुकूम हवं असेल तर फ्लिप करावा लागेल."

फ्लिप म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. मी काय म्हणालो असेन, ते तुम्हाला कळलंच असेल.

गाडी आली वाढदिवसाच्या सकाळी, ट्रकवर झाकून. अख्खी बाळीवेस गोळा झाली. महेश्वरनं स्वतः कापड ओढलं, जादूगारासारखं, आणि मग तो फोटो काढून घेऊन निघूनही गेला. सासरे नाकासमोर उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाच," ते म्हणाले, "डाळिंबी." सासूबाई बाजूला तुळशीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "हिरवीच हुती. मी म्हनत नव्हते?" क्षणभर दोघंही जिंकले होते. मी एखाद्या आमदारासारखा हात जोडून उभा.

मग सासरे बाजूला आले आणि सासूबाई ओवाळायला पुढं गेल्या. झालं! दोघंही थबकले, परत जागा बदलल्या, पुन्हा बदलल्या. गर्दीही त्यांच्यामागून इकडून तिकडं सरकायला लागली. कुणी म्हणालं उन्हानं होतंय, कुणी म्हणालं रंग अजून ओला आहे, वाळला की एकच होईल. एक शहाणा तर म्हणाला, मोहोळचं पाणीच तसं आहे. शेवटी सासऱ्यांनी खाली वाकून बॉनेटला नाक लावलं, बोटानं घासलं आणि सरळ होत म्हणाले, "ताणा लाल, बाणा हिरवा. विणल्यावाणीच केलीया की." त्यांना ते कापड म्हणून पटलं. गाडी म्हणून पटलं की नाही, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

सासूबाईंना मात्र रंगाचं काही राहिलं नव्हतं. त्या उरलेली इरकल नेसून तयारच होत्या. सीट इतकी खोल होती की त्या बसल्या नाहीत, आत गेल्या. बाहेरून फक्त अंबाडा आणि चष्मा दिसत होता. शिवलीलेनं खाली एक उशी सारली, तेव्हा कुठं मालकीणबाई वर आल्या. ते चार पट्टे साडीवरून, मंगळसूत्राखालून, ओटीच्या नारळाला वळसा घालून पोटावर अडकवायला मला घाम फुटला. सासरे स्टिअरिंगवर. दोघांचीच गाडी, म्हणून मी आणि शिवलीला मागून स्कूटरवर. किल्ली कुठं ठेवायची? तज्ज्ञानं सांगितलं होतं, जवळ असली म्हणजे झालं. वयस्कर माणसाच्या हातून पडेल म्हणून मी ती माझ्या स्कूटरच्या किल्लीच्याच कडीत अडकवली. मी मागोमागच तर होतो!

सात रस्ता चौकापर्यंत झोकात गेलो. महेश्वरनं सायलेन्सर असा बसवला होता की प्रत्येक गिअरला दुकानातले लोक बाहेर यायचे. सासूबाई उजवीकडं-डावीकडं बघत होत्या आणि ओळखीच्या प्रत्येकाला हात करत होत्या, अनोळखी लोकांनाही.

सात रस्त्याला वाहतूक पोलीस उभे होते, चौकाच्या अलीकडं एक, पलीकडं एक. अलीकडच्याला पुढची नंबरप्लेट दिसली नाही. त्यानं शिट्टी मारून पलीकडच्याला ओरडून सांगितलं की लाल गाडी अडव. सासऱ्यांना त्यांच्याच सायलेन्सरपुढं शिट्टी ऐकू आली नाही. पलीकडचा पोलीस रस्त्याच्या कडेला लाल गाडीची वाट बघत हात आडवा करून उभा राहिला आणि त्याला बाजूनं दिसली हिरवी गाडी, तिला त्यानं वाट करून दिली. वर वळून विचारलं, लाल कुटंय? अलीकडचा म्हणाला, तुझ्या नाकासमोरनं गेली की. चौकात गाड्या थांबल्या, आणि दोन्ही पोलिसांची आपसात जुंपली.

गप्प राहायचं असतं. शिवलीलेनं माझा शर्ट मागून ओढला होता. पण लोक एवढं त्या गाडीबद्दल बोलत असताना ती कुणाची, हे त्यांना कळू नये, हे मला सहन झालं नाही. मी स्कूटर पुढं घेतली आणि सांगितलं की गाडी आमची आहे आणि लालही आहे, हिरवीही आहे. ते बघणाऱ्यावर आहे.

अलीकडच्या पोलिसाच्या छातीवरच्या पाटीवर चन्नवीर असं नाव होतं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजी बगायला आमी चुकतो?" असं म्हणत त्यानं आपल्याकडच्या पोलिसांची जी पहिली आणि शेवटची पद्धत आहे ती वापरली. हात घातला आणि स्कूटरची किल्ली काढून घेतली. कडीसकट.

पुढचं बोलणं मी विमा खात्यातही कधी ऐकलेलं नाही. तो म्हणायचा, ती गाडी परत आणा, मग किल्ली देतो. मी म्हणायचो, ही किल्ली दिल्याशिवाय ती गाडी परत येणार नाही. तो म्हणायचा, मग गेली कशी? मी सांगितलं, चालू असली की जाते, बंद झाली की किल्ली लागते. मग बंद करू नका म्हणावं, असं त्याचं उत्तर. ते मात्र बिनतोड होतं. मी सासऱ्यांना फोन लावला. तो शिवलीलेच्या पर्समध्ये वाजला. नव्या सदऱ्याला खिसा नव्हता, म्हणून त्यांनी लेकीकडं दिला होता. शिवलीलेनं मला रिक्षात बसवलं आणि म्हणाली, तू जा, तू इथं असलास तर ही किल्ली आपल्याला कधीच मिळायची नाही. मी वळून पाहिलं तेव्हा ती चन्नवीरशी कानडीत बोलत होती आणि तो हसत होता. मला न कळणाऱ्या भाषेत माझ्याबद्दलच काहीतरी चाललं असणार.

सासरे गाडी वाटेत बंद करतील, असं तुम्हाला वाटणार नाही, मलाही वाटलं नव्हतं. पण आपण दोघंही होटगीच्या अलीकडचं रेल्वे फाटक विसरलो. सोलापूरचा व्यापारी सोन्याचा हार विसरेल, पण फाटक लागलेलं दिसलं की इंजिन बंद करायला विसरणार नाही. समोरून मालगाडी जात असताना आपलं पेट्रोल जळावं, हे त्याच्या जिवाला लागतं. सासऱ्यांनी बटण दाबून गाडी बंद केली, मालगाडी बघितली, फाटक उघडलं, बटण दाबलं. आणि अर्थातच काही झालं नाही.

मी रिक्षातून पोचलो तोवर गाडीच्या मागं ऊसवाले, दूधवाले, एक एसटी आणि एक वरात अशी रांग लागली होती. सासरे बटण एकाग्रपणे दाबत होते, देवाची घंटा वाजवावी तसे. मी त्यांना किल्लीची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "हिला किल्लीशिवाय चालायचं न्हाई, अन किल्लीला पोलीस सोडत न्हाई. लई भारी माणूस गाठलासा, जावईबापू." माझ्या लग्नाच्या सात वर्षांत ते मला प्रथमच एवढं खोचक बोलले होते.

काशम्माचं घर फाटकाच्या पलीकडंच, हाकेच्या अंतरावर. सासऱ्यांनी सासूबाईंना विचारलं, उतरतीस का, चालत जाऊ. त्यांचा चेहरा बघून मी दुसरीकडं बघितलं. एवढ्या वर्षांनी गाडीतून होटगीला निघायचं, आणि शिरायचं पायी! त्या म्हणाल्या, पट्टा निघत नाही. मी बकल ओढून पाहिलं. निघत नव्हतं खरं. मग ठरलं की ढकलायची. ऊसवाले आणि एसटीचा कंडक्टर मागं लागले. त्यांच्यात मी, नवा सदरा घालून. सासरे बाहेरून उघड्या गाडीत हात घालून स्टिअरिंग धरून शेजारून चालू लागले, आणि मागची वरात आपली वाजतच होती, तिला तेवढंच निमित्त. अशी आमच्या सासूबाईंची स्वारी टप पाडलेल्या गाडीतून, सोबत बँड घेऊन होटगीत शिरली. नवरा पायी, जावई ढकलत, आणि त्या एकट्याच आत, ताठ.

काशम्मा दारात उभी होती. तोंड उघडलं तिनं, पण विचारायला काहीच राहिलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "पट्टा निघत न्हाई गं. हितंच आण काय ते."

मग काय, पाणी गाडीत, चहा गाडीत, ओटी गाडीत. शेजारपाजारच्या बायका येऊन गाडीभोवती जमिनीवर बसल्या आणि सासूबाई वरून एकेकीची विचारपूस करायला लागल्या. ऊन वाढलं तसे सासरे छत्री घेऊन शेजारी उभे राहिले. काशम्मानं दोनदा गाडीभोवती चक्कर मारली, लाल की हिरवी ते बघितलं आणि शेवटी बारीक आवाजात विचारलं, मला बी एकदा बसू देशील का? सासूबाई म्हणाल्या, पट्टा निघाला की बस की.

आता मात्र मी इरेला पेटलो. महेश्वरला फोन लावला आणि त्याला चार शब्द सुनावले. तो गोड आवाजात म्हणाला की सर, बकल ओढायचं नसतं, नुसतं फिरवायचं असतं, करून बघा, मी लायनीवर आहे. मी गाडीशेजारी गुडघ्यावर बसलो आणि पदराखालून हात घातला. बकल सुटलेलं होतं. चारही पट्टे नुसते पोटावर मांडून ठेवले होते, अगदी नीट, साडीच्या निऱ्यांसारखे.

सासूबाई माझ्याकडं न बघता, समोरच्या बायकांकडं हसून बघत हळूच म्हणाल्या, "कवाच निघालाय. तुमी बोलू नका. अन शिवलीलेला सांगा, किल्ली घिऊन घाईनं येऊ नको म्हनावं."

"निघालं का सर?" फोनमधून महेश्वर विचारत होता. त्या माणसानं गाडीवर केलेल्या सगळ्या कामांत धड चालणारी तेवढी एकच वस्तू होती.

"नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "अजिबात निघत नाही. काय भिकार काम केलंय हो तुम्ही!"

तो घाबरला. लगेच माणूस पाठवतो म्हणाला. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी चहाचा रिकामा कप काशम्माच्या हातात दिला होता आणि आणखी अर्धा कप मागत होत्या.

"पाठवा," मी म्हटलं, "पण संध्याकाळपर्यंत नको."